मज्जारज्जूच्या आघातानंतर बस्तीच्या अंतःस्तरात होणारे बदल

पाठीचा कणा मोडून पंगू झालेला रुग्ण वैद्याकडे येतो तो पाय पुन्हा चालते व्हावेत या आशेने. नातेवाईकही पायांविषयीच विचारतात आणि आपणही अभ्यंग, स्वेद, बस्तिकर्म यांचा विचार करू लागतो. खाटेच्या कडेला लटकणाऱ्या मूत्राच्या पिशवीकडे मात्र जाता जाता दृष्टी टाकली जाते. लघवी गढूळ आहे, वास येतो, अधूनमधून तांबूस होते, हे सारे 'नळी आहे म्हणून' असे समजून सोडून दिले जाते. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे की, या रुग्णांच्या बाबतीत पायांइतकेच, किंबहुना दीर्घायुष्याच्या दृष्टीने पायांहूनही अधिक, लक्ष बस्तीच्या अंतःस्तराकडे द्यावयास हवे, हे आमच्या वैद्यबंधुभगिनींच्या व औषधविक्रेत्यांच्या मनावर ठसावे.

पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे, कारण असा रुग्ण फार काळ जगत नसे. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग आणि शय्याव्रण यांनी बहुसंख्य रुग्ण दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जू आघातग्रस्तांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि मूत्राशयाची काळजी व व्रणप्रतिबंध यांवर भर दिला. तेव्हापासून चित्र पालटू लागले. आपल्याकडेही मुंबईत हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि खडकी येथील सैनिकांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र यांसारख्या संस्थांतून हे कार्य चालते. आज असा रुग्ण तीस-चाळीस वर्षे जगू शकतो. दिवसांत मारणारे विकार मागे पडले, तेव्हा दशकांत वाढणारे विकार पुढे आले. अंतःस्तरातील बदल हा त्यांपैकीच एक होय.

अंतःस्तराची रचना

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानातील अश्मरीच्या अध्यायात बस्तीचे वर्णन करताना तो भोपळ्याच्या आकाराचा, एकच द्वार असलेला, अधोमुख आणि पातळ त्वचेचा असल्याचे म्हटले आहे. यांतील 'पातळ त्वचा' हे विशेषण या पाठात विशेष लक्षात ठेवावे.

आधुनिक शारीरानुसार बस्तीच्या आतील आवरणास युरोथेलियम म्हणतात. पेशींचे थोडेच थर असलेल्या या आवरणात सर्वांत खाली लहान आधारपेशी, त्यांवर मध्यपेशी आणि सर्वांत वर मूत्राच्या संपर्कात असणाऱ्या मोठ्या, पसरट छत्रपेशी असतात. छत्रपेशींच्या पृष्ठभागावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांच्या पट्टिका असतात, शेजारच्या पेशी एकमेकींशी घट्ट सांधलेल्या असतात आणि त्यांवर श्लेष्मल स्वरूपाचे एक पातळ लेपन असते. या तिहेरी व्यवस्थेमुळे मूत्रातील क्षार, युरिया व अन्य मलद्रव्ये पुन्हा शरीरात शिरत नाहीत. निरोगी अवस्थेत या पेशी अत्यंत सावकाश बदलतात. शरीरातील सर्वांत मंदगतीने नूतन होणाऱ्या आवरणांत यांची गणना होते.

हा अंतःस्तर म्हणजे केवळ अस्तर नव्हे. बस्ती ताणली गेली की त्यातील पेशी ए.टी.पी., ॲसिटिलकोलीन, नायट्रिक ऑक्साइड अशी द्रव्ये सोडतात आणि खालच्या चेतातंतूंना बस्ती भरल्याची वार्ता देतात. म्हणजे अंतःस्तर आणि चेतासंस्था यांचा व्यवहार दुतर्फा आहे. एकीकडे बिघाड झाला की दुसरीकडे त्याचे पडसाद उमटतात.

आघातानंतरचे पहिले दिवस

अंतःस्तराचा बिघाड नळी आणि जंतू यांमुळेच होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले की, मज्जारज्जू छेदल्यानंतर अवघ्या दोन तासांत अंतःस्तराची अभेद्यता घटली आणि पाणी व युरिया त्यातून अधिक प्रमाणात झिरपू लागले. चोवीस तासांत छत्रपेशींचा थर ठिकठिकाणी विस्कळीत झाला. पुढे सुमारे दोन आठवड्यांत आवरण बरेचसे पुन्हा उभे राहिले, तथापि नव्या पेशींत लहान, अपक्व पेशींचा भरणा होता. चेतागुच्छिकांतील संदेशवहन रोखणारे औषध आधीच दिले असता ही हानी टळली, यावरून चेतासंस्थेचा यात थेट सहभाग असल्याचे सूचित होते. प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. परंतु बिघाडाची सुरुवात नळी घालण्यापूर्वीच होऊ शकते, हा बोध महत्त्वाचा आहे.

पुढील वर्षे

आघाताचा प्रारंभिक धक्का ओसरल्यावर, इजा त्रिकास्थीय केंद्राच्या वर असेल तर, बस्तीचा स्नायू आपल्याच लयीत अनावरपणे आकुंचन पावू लागतो. त्याच क्षणी मूत्रद्वाराचा आवळणारा स्नायू शिथिल होण्याऐवजी घट्ट मिटतो. एक दार ढकलतो आहे आणि दुसरा आतून कडी लावतो आहे, असा हा प्रकार होय. परिणामी बस्तीतील दाब वाढतो, भित्तीचा रक्तपुरवठा वारंवार खुंटतो, स्नायू जाड होतो, त्यात तंतुमय धातू साचतो आणि मूत्र पूर्णपणे बाहेर न पडता शिल्लक राहते.

शिल्लक मूत्रात जंतू वाढतात. त्यात कायमची नळी असली तर जंतूंना आश्रय मिळतो. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट पापुद्रा तयार करून राहतात आणि या पापुद्र्यात जंतुनाशक औषधांचा शिरकाव नीट होत नाही. सुमारे महिनाभर कायमची नळी राहिलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या मूत्रात जंतू सापडतात. प्रोटियससारखे काही जंतू युरियाचे विघटन करून मूत्र क्षारीय करतात. मग मॅग्नेशियम व कॅल्शियमचे फॉस्फेट नळीवर साचते, नळी तुंबते आणि बस्तीत अश्मरी होतात. नळीचे टोक व फुगा भित्तीवर घासत राहतात ते वेगळेच. अशा प्रकारे दाब, जंतू, खडे आणि घर्षण हे चार क्षोभक वर्षानुवर्षे त्याच पातळ त्वचेवर काम करीत राहतात.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते

पहिला बदल म्हणजे चिरकारी दाह. अंतःस्तराखाली शोथपेशी जमतात, काही ठिकाणी लसिकापेशींच्या गाठी बनतात. नळी टेकते तेथे सुजलेले, बोटासारखे उंचवटे दिसतात. ते अर्बुदासारखे भासले तरी बहुधा दाहजन्यच असतात. काही रुग्णांत अंतःस्तराच्या पेशी खाली दडून त्यांचे लहान कोश किंवा ग्रंथी तयार होतात.

दुसरा व अधिक अर्थपूर्ण बदल म्हणजे शल्कीय रूपांतर. मूत्र अडविण्यासाठी घडलेल्या पेशींच्या जागी त्वचेसारख्या शल्कपेशी येतात. सततच्या घर्षणाने तळहाताला घट्टे पडावेत, तसे बस्ती स्वतःस कठीण करून घेते. हे रूपांतर दोन प्रकारचे असते. शृंगीभवन नसलेला प्रकार तुलनेने निरुपद्रवी मानला जातो. शृंगीभवन असलेल्या प्रकारात पृष्ठभागावर केराटिन साचून दुर्बिणीतून पांढरे चट्टे दिसतात आणि हा प्रकार अर्बुदाच्या दृष्टीने धोक्याचा समजला जातो.

१९७७ मध्ये कॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारज्जू आघातग्रस्तांतील शल्कीय रूपांतर आणि कर्करोग यांकडे लक्ष वेधले. सर्वसामान्य लोकांत मूत्राशयाचा कर्करोग बहुतांशी युरोथेलियमच्या मूळ प्रकारच्या पेशींचा असतो. या रुग्णांत मात्र शल्कपेशींच्या कर्करोगाचे प्रमाण पुष्कळ जास्त आढळते. चिरकारी क्षोभातून शल्कपेशींच्या अर्बुदाकडे जाण्याची ही वाट अन्यत्रही परिचित आहे. ईजिप्तमध्ये मूत्रमार्गातील शिस्टोसोमा कृमींच्या अंड्यांमुळे मूत्राशयात असाच बदल होत असे. कारण निराळे असले तरी पातळ त्वचेचे उत्तर एकच असते.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, केवळ कायमची नळी वापरणाऱ्यांना ती न वापरणाऱ्यांच्या तुलनेत मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट आढळला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात या कर्करोगाने होणारे मृत्यू सर्वसामान्यांच्या तुलनेत ६.७ पट दिसले. मात्र आघातानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत लक्षणीय वाढ नव्हती. हा विकार बहुधा पन्नाशीच्या आसपास, म्हणजे इतरांहून अलीकडच्या वयात, आणि अपघातानंतर दीड-दोन दशकांनी वा त्याहून उशिरा प्रकट होतो. निदान होते तेव्हा तो पुष्कळदा स्नायूपर्यंत पोहोचलेला असतो, कारण संवेदना हरपलेल्या बस्तीत वेदना ही धोक्याची घंटा वाजतच नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे. बहुसंख्य रुग्णांना कर्करोग होत नाही आणि रुग्णास भयभीत करणे हा या पाठाचा हेतू नाही.

शास्त्रीय विचार

शिर आणि हृदय यांबरोबर बस्ती हे त्रिमर्मांतील एक, आणि सुश्रुतमते सद्यःप्राणहर मर्म. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा आणि चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत वातबस्ती, मूत्रजठर, मूत्रातीत यांतील लक्षणे या रुग्णांत अंशतः भेटतात. चरकोक्त बस्तिकुंडलाच्या कारणांत अभिघाताचा स्पष्ट उल्लेख आहे, ही बाब विशेष चिंतनीय वाटते. अपानाची गती विगुण होऊन मूत्र अडणे, साचणे, पुढे पित्त व रक्ताची दुष्टी होणे आणि रूक्ष-खर गुणांच्या वृद्धीने स्निग्ध, तनु त्वचा कठीण होणे, अशी संप्राप्ती मांडता येईल. तथापि ही तुलना समजून घेण्यापुरती आहे. शल्कीय रूपांतर म्हणजेच अमुक मूत्राघात, असे समीकरण मांडणे आम्हांस शास्त्राशीही प्रामाणिक वाटत नाही आणि रुग्णाशीही.

एक रुग्णवृत्त

आमच्याच हातून घडलेला विलंब येथे नमूद करणे कर्तव्य समजतो. ऐन तारुण्यात आंब्याच्या झाडावरून पडून कमरेखाली लुळा झालेला एक गृहस्थ एकोणीस वर्षे कायमच्या नळीवर होता. मूत्रात रक्त येते म्हणून तो आमच्याकडे आला. दाह, पीतरक्त मूत्र, नळीचा इतिहास हे पाहून आम्ही उष्णवात असे निदान केले आणि शीतल, मूत्रविरेचनीय उपचार दिले. आठ दिवसांत रक्त थांबले. रुग्णही संतुष्ट, आम्हीही संतुष्ट. दीड महिन्याने पुन्हा रक्त, पुन्हा तीच औषधे, पुन्हा उपशय. तिसऱ्या खेपेस गुठळ्या पडू लागल्या तेव्हा दुर्बीण तपासणीस पाठविले. पांढऱ्या चट्ट्यांच्या मधोमध अर्बुद होते आणि ते स्नायूत उतरले होते. शस्त्रक्रिया झाली, तथापि रुग्ण वर्षभरात गेला.

आमची चूक औषधयोजनेत नव्हती, उपशयाच्या अर्थात होती. अर्बुदातून येणारे रक्त अधूनमधून आपोआपच थांबते. ते आमच्या औषधाने थांबले असे आम्ही मानले आणि तीन महिने गमावले. तेव्हापासून आमच्या चिकित्सालयात एक नियम आहे : दीर्घकाळ नळी असलेल्या रुग्णाच्या मूत्रात रक्त दिसले, तर ते थांबले तरीही, मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवावयाचेच.

वैद्यांसाठी मार्गदर्शन

१. इतिहास विचारताना आघाताचे वर्ष, कोणती नळी, किती वर्षे, धूम्रपान आणि अश्मरी यांची नोंद अवश्य करावी. ओटीपोटातून घातलेली नळीही कायमची नळीच होय. तिने मूत्रमार्गाची इजा टळते, अंतःस्तराचा क्षोभ टळत नाही.

२. शक्य तेथे कायमच्या नळीऐवजी वेळोवेळी नळी घालून बस्ती रिकामी करण्याची पद्धत श्रेयस्कर. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. लॅपिडिस यांनी ही पद्धत निर्जंतुक हातमोज्यांविना, केवळ स्वच्छ हातांनी, रुग्णास स्वतः करता येते हे दाखवून दिले. दिवसातून साधारणतः चार ते सहा वेळा, एका वेळी ५०० मि.लि. हून अधिक मूत्र साचू न देता ती करावी. वेगविधारण टाळण्याचा आपला सिद्धान्त येथे घड्याळाच्या आधारे पाळावा लागतो, कारण वेगाची जाणीवच उरलेली नसते.

३. मूत्रपरीक्षणात केवळ जंतू आढळले व ज्वर, वाढलेली आकडी, थरथर अशी लक्षणे नसतील, तर सामान्यतः जंतुनाशक औषधांची आवश्यकता नसते.

४. मूत्रल द्रव्ये विचारपूर्वक द्यावीत. ज्या बस्तीचे दार बंद आहे तिच्यात अधिक मूत्र लोटणे म्हणजे दाब वाढविणे होय. प्रथम निर्गमाची व्यवस्था, मग मूत्रविरेचन, हा क्रम सोडू नये.

५. श्वेतपर्पटीसारख्या सोरायुक्त कल्पांबाबत आम्ही विशेष सावध असतो. या रुग्णांचे मूत्र जंतूंमुळे आधीच क्षारीय असू शकते, वृक्क दुर्बल असल्यास पोटॅशियमचा भार धोक्याचा ठरतो, आणि जंतू नायट्रेटचे नायट्राइट करतात व त्यापासून कर्करोगजनक नायट्रोसामाइन बनू शकतात. शेवटचा मुद्दा या कल्पाच्या बाबतीत आमचे अनुमान आहे. परंतु पर्याय उपलब्ध असताना ही जोखीम का घ्यावी?

६. ईश्वरी वनस्पतीत ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. ते वृक्कांस घातक असून मूत्रमार्गाच्या कर्करोगास कारणीभूत असल्याचे सिद्ध झाले आहे. या रुग्णांत ती पूर्णतः वर्ज्य मानावी.

७. गोक्षुर, वरुण, पुनर्नवा, चंद्रप्रभा यांचा उपयोग लक्षणांच्या शमनार्थ सहायक म्हणून करता येईल. शृंगीभवन झालेला अंतःस्तर त्यांनी पूर्ववत होतो असा दावा करण्यास आधार नाही.

८. इजा वक्षप्रदेशातील सहाव्या मज्जाखंडाच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर भरलेली बस्ती, तुंबलेली नळी, गुदावाटे दिलेला बस्ती किंवा उत्तरबस्ती यांपैकी कशानेही रक्तदाब एकाएकी भयंकर वाढू शकतो. तीव्र डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली व घाम ही लक्षणे दिसताच कर्म थांबवावे, रुग्णास उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, नळी कोठे मुडपली आहे का ते पाहावे, बस्ती रिकामी करावी आणि तत्काळ रुग्णालयात हलवावे. आजाराच्या या अवस्थेत उत्तरबस्ती बाह्यरुग्ण विभागात करू नये, असे आमचे मत आहे.

९. दरवर्षी सर्वांची दुर्बीण तपासणी करावी की नाही, याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. परंतु रक्त दिसणे, वारंवार ज्वरयुक्त संसर्ग, वारंवार अश्मरी, नळी वरचेवर तुंबणे किंवा नळीच्या बाजूने नव्याने गळू लागणे, यांपैकी काहीही असल्यास विलंब करू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

नळी घ्यावयास रुग्णाचा मुलगा किंवा पत्नी दुकानात येते. डॉक्टरांची भेट वर्षातून एकदा होते, दुकानदाराची दर महिन्यास. म्हणून आपले चार शब्द मोलाचे ठरतात. लॅटेक्सची फोलीज नळी सामान्यतः तीन-चार आठवड्यांत बदलावी लागते. पूर्ण सिलिकॉनची नळी, न तुंबल्यास, बारा आठवड्यांपर्यंत चालते. ती महाग वाटली तरी हिशेब मांडून दाखवावा. नळीचा क्रमांक चिठ्ठीबरहुकूमच द्यावा. मोठी नळी अधिक चांगली ही समजूत चुकीची असून तिने इजाच वाढते. फुगा निर्जंतुक पाण्यानेच फुगवावा. पिशवी सदैव बस्तीच्या पातळीखाली, परंतु जमिनीला न टेकता असावी. वेळोवेळी घालावयाच्या साध्या नळ्या व लिग्नोकेन जेली दुकानात नियमित ठेवाव्यात. त्या न मिळाल्यामुळेच पुष्कळ रुग्ण कायमच्या नळीकडे वळतात. 'लघवी गढूळ आहे, मागचीच गोळी द्या' अशी मागणी आल्यास चिठ्ठीविना जंतुनाशक देऊ नये. आणि 'लघवीत रक्त येते' हे शब्द कानी पडताच औषध न देता तपासणीस धाडावे.

समारोप

मोडलेला कणा जोडणे आज तरी कोणाच्याच हाती नाही. त्या रुग्णाची पुढील तीस वर्षे मात्र पुष्कळशी आपल्या हाती आहेत. ज्या पातळ त्वचेचा उल्लेख आचार्यांनी केला, ती पातळ राखणे, म्हणजे दाब कमी, मूत्र शिल्लक नाही, खडे नाहीत, घर्षण अल्प, हेच येथील खरे पथ्य होय. पुढच्या वेळी असा रुग्ण आला की पायांची परीक्षा करण्यापूर्वी मूत्राची पिशवी हाती घेऊन उजेडात पाहावी, एवढीच आमची विनंती.

स्वाध्यायासाठी प्रश्न

१. नळी घालण्यापूर्वीच अंतःस्तरात बिघाड होऊ शकतो, हे कोणत्या निरीक्षणावरून सूचित होते?

२. शल्कीय रूपांतराचे दोन प्रकार कोणते व त्यांपैकी धोक्याचा कोणता?

३. औषधाने मूत्रातील रक्त थांबले, यावरून निदान बरोबर होते असे का म्हणता येत नाही?

४. बस्तीचा निर्गम अडलेला असताना मूत्रल द्रव्य दिल्यास काय घडेल?

५. आपल्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी किती जणांच्या नोंदीत नळीचा प्रकार व कालावधी लिहिलेला आहे, हे पडताळून पाहावे.